तिसऱ्या खोलीचं व्याज

नाशिकमध्ये मुंबई-आग्रा महामार्गाच्या एका अंगाला सिडको आणि दुसऱ्या अंगाला इंदिरानगर. दोन्ही वस्त्या मध्यमवर्गीय. दोन्हींकडचे कमावते हात अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत, शाळांत आणि दुकानांत राबणारे. मोठ्या कुटुंबानं घर कसं वाढवायचं, या प्रश्नाची मात्र दोन अगदी निराळी उत्तरं इथे समोरासमोर उभी आहेत. सिडकोची मूळ घरं लहान होती. ती घेतलेल्या कुटुंबांनी गरज पडेल तशी ती वर चढवली. थोरल्याचं लग्न ठरलं की एक खोली, धाकट्याचं ठरलं की जिना आणि मजला. पैसे साठतील तेवढंच बांधकाम. त्यातलं पुष्कळसं नियमांत बसत नव्हतं आणि गल्ल्यांमधला उजेडही त्यानं खाल्ला, हे नाकारता येत नाही. इंदिरानगरातही जुने बंगले आणि रो-हाउस आहेत, त्यांच्यावरही मजले चढले. पण राजीवनगरपासून वडाळा-पाथर्डी रस्त्यापर्यंत जी वस्ती नंतर दाट होत गेली ती मुख्यतः अपार्टमेंटची. अपार्टमेंटवर मजला चढवता येत नाही. पुढच्या वीस वर्षांत कुटुंबाला जेवढ्या खोल्या लागतील तेवढ्या पहिल्याच दिवशी विकत घ्याव्या लागतात, आणि धाकट्याचं लग्न व्हायचं असलं तरी त्याच्या खोलीचं व्याज त्या दिवसापासून चालू होतं.

या लेखात त्या व्याजाचा हिशेब मांडायचा आहे. गृहकर्जाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा दराभोवती फिरते. कुणाला साडेआठनं मिळालं, कुणाला आठ-दहानं, रिझर्व्ह बँकेनं पाव टक्का कमी केला की नाही. माझं म्हणणं असं की सहा-सात माणसांच्या घराचं कर्ज दरापेक्षा मुदतीनं महाग होतं. आणि ती मुदत ऐपत नाही म्हणून लांबते असंही नाही. मोठ्या कुटुंबाचं खरं बळ म्हणजे एकाहून जास्त पगार. ते बळ कर्ज लवकर फेडायला वापरलं जाण्याऐवजी कर्ज मोठं करण्यातच, मंजुरीच्या टेबलावर, खर्ची पडतं.

एक कल्पित कुटुंब घेऊ. आकडे कुठल्याही ईएमआय कॅल्क्युलेटरवर पडताळता येतील. आई-वडील, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि लग्नाचा धाकटा भाऊ, अशी सात माणसं. टू बीएचके घेतला तर ३० लाखांचं कर्ज लागतं, थ्री बीएचके घेतला तर ४५ लाखांचं, असं धरू. म्हणजे तिसऱ्या खोलीचं कर्ज १५ लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी या १५ लाखांचा हप्ता १३,०१७ रुपये बसतो आणि एकूण व्याज १६ लाख २४ हजार होतं. खोलीच्या किमतीहून व्याज जास्त. तीच रक्कम तीस वर्षांवर नेली तर हप्ता ११,५३४ वर येतो आणि व्याज २६ लाख ५२ हजारांवर जातं. पंधरा वर्षांवर आणली तर हप्ता १४,७७१ आणि व्याज ११ लाख ५९ हजार. तीस आणि पंधरा वर्षांच्या हप्त्यांत फरक ३,२३७ रुपयांचा, व्याजात जवळजवळ १५ लाखांचा. आता दराची तुलना बघा. एका घरानं ८ टक्क्यांनी पंचवीस वर्षांसाठी १५ लाख घेतले आणि शेजारच्या घरानं ९ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी. सोसायटीच्या गप्पांत पहिला हुशार ठरेल, कारण त्यानं बँकेशी घासाघीस करून अख्खा टक्का कमी करून घेतला. पण तो १९ लाख ७३ हजार व्याज भरणार आहे आणि दुसरा १२ लाख ३९ हजार.

असं का होतं हे कळायला परतफेडीचा तक्ता एकदा नीट वाचावा. कर्जमंजुरीच्या कागदांसोबत तो येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर मुख्य बाबींचं पत्रक देणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलं आहे आणि त्यात सर्व शुल्कांसकट पडणारा वार्षिक दर आणि हप्त्यांचा तक्ता दोन्ही असतात. ४५ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता ३९,०५२. पहिल्या महिन्यात यातले ३१,८७५ रुपये व्याजाचे आणि ७,१७७ मुद्दलाचे. पाच वर्षांत घरानं २३ लाख ४३ हजार भरलेले असतात आणि मुद्दल ५ लाख ३४ हजारांनी उतरलेलं असतं. दहा वर्षांनी भरलेली रक्कम ४६ लाख ८६ हजार, म्हणजे मूळ कर्जाहून जास्त, आणि तरीही बाकी साडेएकतीस लाख. निम्मं मुद्दल फिटायला तेरा वर्षं दहा महिने लागतात. यात बँकेची काही लबाडी नाही. जेवढं मुद्दल बाकी तेवढ्यावर व्याज, एवढंच सरळ सूत्र आहे. पण या सूत्राचा अर्थ असा की मुदत जितकी लांब तितका हप्त्यातला मुद्दलाचा वाटा सुरुवातीला बारीक, आणि जितका तो बारीक तितका तो पुढे बारीकच राहतो. (कर्जासोबत एकरकमी विम्याचा हप्ता कर्जातच मिळवून देण्याची पद्धत आहे, तिथेही हेच: एक लाखाचा विमा वीस वर्षांत दोन लाख आठ हजारांना पडतो. कमावती माणसं दोन असतील तर विमा हवाच, पण तो वेगळा, वर्षाच्या वर्षाला भरायचा मुदत विमा घेतलेला बरा.)

तिसरी खोली आणखी एका रीतीनं महाग पडते, आणि ती रीत बिल्डरच्या कोटेशनमध्ये सहसा ठळक दिसत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून जीएसटी ५ टक्के आहे. परवडणाऱ्या घराला १ टक्का. परवडणारं म्हणजे महानगरांबाहेर ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि किंमत ४५ लाखांपर्यंत, दोन्ही अटी एकदम. नाशिकला ९० चौरस मीटरची मर्यादा लागू होते आणि तेवढ्यात तीन खोल्या आटोपशीर बसतातही. अडतं ते किमतीला. ४४ लाखांच्या घरावर कर ४४ हजार, ४६ लाखांच्या घरावर २ लाख ३० हजार. कर्जाच्या प्रमाणालाही अशाच पायऱ्या आहेत. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के, ही रिझर्व्ह बँकेनं घातलेली मर्यादा आहे. म्हणजे एक खोली वाढली की पदरचे टाकायचे पैसे त्या खोलीच्या प्रमाणात वाढत नाहीत, पायरी ओलांडली की एकदम वाढतात. ते पैसे बहुतेक वेळा वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून किंवा आईच्या दागिन्यांतून येतात, आणि मग घरात अडीअडचणीला हाताशी काही उरत नाही. पुढे कर्ज लवकर फेडण्याची वेळ येते तेव्हा ही रिकामी तिजोरी आडवी येते.

आता मंजुरीचं टेबल. बँक हातात येणारा पगार बघते, त्याच्या साधारण निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून बसले पाहिजेत असं धरते आणि तेवढ्यात बसणारी रक्कम काढते. थोरल्याच्या एकट्या पगारात ४५ लाख बसत नाहीत, तेव्हा धाकट्याला सहकर्जदार करा असा सल्ला मिळतो. त्यासाठी तो सहमालकही असावा लागतो. धाकटा आला की दोन गोष्टी होतात. रक्कम वाढते, आणि त्याचं वय कमी म्हणून मुदतही लांबवता येते. कर्जदाराच्या वयाच्या सत्तरीपर्यंत आणि जास्तीत जास्त तीस वर्षं अशी मर्यादा अनेक बँकांत असते. चाळिशीच्या आतला भाऊ मिळाला की ती पूर्ण वापरता येते. थोडक्यात, दुसऱ्या पगाराचं फळ म्हणून मोठी रक्कम मिळते आणि वर लांब मुदत मिळते. त्याच दुसऱ्या पगारामुळे मुदत पाच वर्षांनी कमी करून घ्या, असं सांगणारं त्या टेबलावर कुणी नसतं. ना बँकेचा त्यात फायदा, ना बिल्डरचा, आणि कुटुंबाची नजर चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीवर असते.

घरातल्या तरुण माणसाच्या वयावर मुदत लांबवणं हे जपानमध्ये उघड धोरण आहे. तिथे आई-वडिलांनी सुरू केलेलं कर्ज मुलानं पुढे चालवायची ‘रिले’ परतफेडीची सोय अधिकृतपणे उपलब्ध आहे. कर्जाची मुदत पुढच्या पिढीच्या वयावर मोजली जाते. आपल्याकडे तसं नाव नाही, पण सहकर्जदार मुलगा किंवा धाकटा भाऊ हे व्यवहारात तेच काम करतात.

मुदत लांबलेल्या कर्जावर दर फिरला की काय होतं याचा धडा अलीकडेच मिळालेला आहे. मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आला आणि दोन वर्षं तिथेच राहिला. २०२१ च्या सणासुदीत पावणेसात टक्क्यांच्या आसपास गृहकर्जं मिळत होती आणि लोकांनी ती भरभरून घेतली. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५० टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जं बाह्य मानकाला, बहुतेक ठिकाणी रेपोला, जोडलेली असल्यामुळे ही अडीच टक्क्यांची वाढ तीन महिन्यांच्या आत कर्जदाराच्या खात्यात उतरली. आधीच्या पद्धतींत, म्हणजे बीपीएलआर, २०१० चा बेस रेट, २०१६ चा एमसीएलआर यांत, दर वाढताना चटकन वाढे आणि उतरताना जुन्या ग्राहकापर्यंत पोचता पोचत नसे. नवी पद्धत त्या मानानं प्रामाणिक. पण प्रामाणिक पद्धतीत वाढीचा फटकाही पूर्ण बसतो.

तो केवढा, ते बघा. २०२१ मध्ये ६.७५ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ४० लाख घेतले, हप्ता ३०,४१५. दीड वर्षानं दर ९.२५ झाला असं हिशेबापुरतं एकदम धरू. तेव्हा बाकी ३८ लाख ५० हजार. तिच्यावर महिन्याचं व्याज २९,६८१. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात महिन्याला जाणार फक्त ७३४ रुपये, आणि कर्ज फिटायला त्या दिवसापासून चाळीस वर्षांहून जास्त. बँका मुदत इतकी ताणू शकत नाहीत, म्हणून अनेकांना मुदत शक्य तेवढी लांबवून वर थोडा हप्ता वाढवून दिला गेला. या कर्जाची उरलेली मुदत साडेअठरा वर्षांवरच ठेवायची तर हप्ता ३६,२७७ करावा लागला असता आणि पुढचं व्याज ४२ लाख झालं असतं. मुदत पंचवीस वर्षांवर नेली तर हप्ता ३२,९७५, पुढचं व्याज ६० लाख ४२ हजार. महिन्याला ३,३०२ रुपये वाचवण्यासाठी अठरा लाखांहून जास्त व्याज. याबाबत रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढलं: दर वाढल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची संधी कर्जदाराला द्या, स्थिर दरावर जायची सोय द्या, आणि हप्ता व्याजालाही पुरत नाही अशी अवस्था येऊ देऊ नका. परिपत्रक चांगलं आहे. पण त्यातला पर्याय कर्जदारानं मागायचा असतो, आणि सात माणसांच्या घरात हप्ता सहा हजारांनी वाढवा असं बँकेला स्वतःहून कोण सांगायला जाणार? एसएमएस येतो, मुदत वाढलेली असते, घरात कुणाला पत्ता नसतो. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ मध्ये रेपो ५.२५ टक्क्यांपर्यंत उतरला. लांबलेल्या मुदतीतला काही भाग त्यामुळे आपोआप आखडला असेल, पण ज्यांनी दर उतरताच हप्ता कमी करून मागितला त्यांची लांबलेली वर्षं तशीच राहिली. अमेरिकेत एडिसन किंवा डॅलसमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ही चिंता नसते; तिथे तीस वर्षांचा दर सहसा पहिल्या दिवशी कायम होतो, आणि जानेवारी २०२१ मध्ये सरासरी २.६५ टक्क्यांच्या काळात कर्ज घेतलेल्याला ऑक्टोबर २०२३ चे ७.७९ टक्के वर्तमानपत्रातच दिसले. आपल्याकडे दराची जोखीम घराच्या अंगावर आहे, आणि लांब मुदतीत ती जास्त वेळा उलटते. २००८ च्या जुलैअखेर रेपो ९ टक्के होता, एप्रिल २००९ मध्ये ४.७५, ऑक्टोबर २०११ मध्ये पुन्हा ८.५०. वीस वर्षांच्या कर्जात अशी चढउतार तीन-चारदा येणार असंच धरून चालावं.

यावर पहिला आक्षेप जाणकार माणूस घेतो. तो म्हणतो, उद्याचा रुपया आजच्याहून हलका. तीस हजारांचा हप्ता पंधरा वर्षांनी किरकोळ वाटेल, पगार वाढलेले असतील, तेव्हा मुदत जितकी लांब तितकी शहाणपणाची. अठरा लाखांचा आकडा घाबरवणारा दिसतो, पण तो पंचवीस वर्षांवर पसरलेला आहे. हा आक्षेप गणितानं चूक नाही. कर्जाच्याच दरानं आजची किंमत काढली तर लांब आणि आखूड दोन्ही मुदती सारख्याच पडतात. जास्तीचं व्याज म्हणजे पैसे जास्त दिवस वापरल्याचं भाडं. प्रश्न एवढाच की महिन्याला वाचलेले ते तीन हजार तीनशे रुपये कुठे जातात. ते सव्वानऊ टक्के निव्वळ कमावतील अशा जागी दर महिन्याला न चुकता गुंतवले गेले तर लांब मुदत घेतलेला माणूस जिंकला. सात माणसांच्या घरात ते किराण्यात, क्लासच्या फीत आणि दिवाळीच्या खरेदीत जातात, आणि तसं जाण्यात काही गैर नाही. पण मग भाडं भरायचं आणि त्या पैशाचं काही उरवायचं नाही असं होतं. शिवाय महागाई वाढते तेव्हा तरता दरही वाढतो. २०२२ मध्ये नेमकं तेच झालं. महागाईमुळे हप्ता हलका होतो हा दिलासा आपल्या कर्जांत अर्धाच खरा.

पगार वाढतात हेही एकट्या कमावत्याबद्दल जास्त खरं आहे. मोठ्या कुटुंबात पगारांची बेरीज सरळ रेषेत वाढत नाही. कर्ज घेताना वडिलांची पेन्शन, थोरल्याचा पगार, धाकट्याचा पगार असे तीन नळ चालू असतात. सातव्या-आठव्या वर्षी मुलं कॉलेजात, आई-वडिलांची औषधं वाढलेली, धाकट्याचं लग्न झालेलं आणि त्याच्या घरात बाळ. खाणारी तोंडं वाढतात, मिळवते हात तेवढेच राहतात किंवा एक गळतो. कर्जाच्या तक्त्यात मुद्दल पटकन उतरवायची खरी संधी पहिल्या पाच-सहा वर्षांतच असते, कारण व्याज तेव्हा सगळ्यात जास्त असतं आणि घरातला ताण सगळ्यात कमी. नेमक्या त्याच वर्षांत आपण फर्निचर, मॉड्युलर किचन आणि गाडी घेतो.

दुसरा आक्षेप प्रेमाचा आहे आणि मला तो सगळ्यात वजनदार वाटतो. सात माणसं एका घरात राहिली म्हणून तर दुसरं घर, दुसरं स्वयंपाकघर, दुसरं भाडं वाचलं. ३९,०५२ चा हप्ता सातांत वाटला तर माणशी साडेपाच हजारांच्या आसपास. वेगळे राहिले असते तर दोन हप्ते. आजी घरात आहे म्हणून पाळणाघराचे पैसे वाचले, ते कुठल्या तक्त्यात धरायचे? हे सगळं मान्य. किंबहुना म्हणूनच एकत्र कुटुंबाला हे कर्ज लवकर फेडता यायला हवं, हाच तर माझा मुद्दा. पण माणशी हिशेब आणि कमावत्याशी हिशेब यांत गल्लत होऊ देऊ नये. घर सातजण वापरतात, व्याज भरतात दोघे. आजीमुळे वाचलेले पैसे जर कर्जाकडे वळले नाहीत, तर ती बचत झाली असं म्हणता येत नाही, ती फक्त खर्चात विरघळली.

हे पैसे वळवायला फार मोठा पराक्रम लागत नाही. ४५ लाखांच्या त्याच कर्जात वर्षाअखेर एक हप्ता जादा भरला, तर वीस वर्षांचं कर्ज साधारण सोळा वर्षं आठ महिन्यांत फिटतं आणि सव्वानऊ लाखांच्या आसपास व्याज वाचतं. महिन्याला ३,२५४ रुपये, दोघा भावांत वाटून प्रत्येकी १,६२७. व्यक्तींच्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना २०१२ पासून लावता येत नाही, तेव्हा कुणाची परवानगीही लागत नाही. बोनसचा काही भाग, वाढलेल्या पगाराचा पहिला वर्षभराचा फरक, एवढ्यावर हे जमतं. यावर एसआयपीवाले म्हणतील की बाजारात बारा टक्के मिळत असताना साडेआठचं कर्ज का फेडायचं. बाजारात बारा मिळतीलही, पण ते ‘मिळतील’ आहेत. कर्जाचे साडेआठ आज लागू आहेत. सात माणसांच्या घराला जोखीम घेण्याआधी सहा महिन्यांचा खर्च आणि म्हाताऱ्यांच्या दवाखान्याची तरतूद हाताशी हवी, आणि ती नसेल तर मुदतपूर्व फेड करू नये, हेही तितकंच खरं. दोन्ही एकदम साधायचं असेल तर ओव्हरड्राफ्ट धाटणीचं गृहकर्ज असतं. जादा पैसे त्या खात्यात ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि गरज पडली तर काढता येतात. त्याचा दर किंचित जास्त असतो. शिस्त नसलेल्या घरानं ते घेऊ नये, कारण काढलेले पैसे परत जात नाहीत.

करसवलतीचा युक्तिवाद आता जवळजवळ संपला आहे. राहत्या घराच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट २०१४ च्या अर्थसंकल्पात मिळाली आणि नंतर ती वाढली नाही. आपल्या ४५ लाखांच्या कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याज ३ लाख ७९ हजार. दोघे भाऊ सहमालक आणि सहकर्जदार असतील तर प्रत्येकाला आपापल्या वाट्यावर वजावट घेता येई आणि सगळं व्याज त्यात बसे. एकत्र कुटुंबाला मिळणारा तो एक खरा लाभ होता. पण २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ धरली जाते आणि तीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पानं नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत कर शून्यावर आणल्यावर इंदिरानगरातल्या बऱ्याच पगारदारांना जुनी प्रणाली धरून राहण्याचं कारणच उरलं नाही. कर वाचतो म्हणून कर्ज लांबवायचं, हा सल्ला अजून फिरतो आहे, तो देणाऱ्यानं निदान तारीख बघावी.

सरकारी अनुदानाचं तर मोठ्या कुटुंबाशी नातंच विचित्र आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदान आहे: पंचवीस लाखांपर्यंतच्या कर्जातल्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत; घराची किंमत पस्तीस लाखांच्या आत, क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत, कुटुंबाचं उत्पन्न नऊ लाखांपर्यंत. क्षेत्राची मर्यादा सात माणसांना पुरेशी ऐसपैस आहे. पण योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. आजी-आजोबा, धाकट्याची बायको, त्यांचं बाळ हे त्या व्याख्येत बसत नाहीत. मंजुरीच्या टेबलावर धाकट्याचा पगार मोजला जातो आणि अनुदानाच्या टेबलावर त्याचा संसार वेगळा धरला जातो. पस्तीस लाखांत एवढ्या माणसांचं घर शहरात कुठे बसतं हा प्रश्न त्यानंतरचा.

हीच अडचण कर्जाच्या मधल्या वर्षांत पुन्हा उभी राहते, आणि तिच्याबद्दल घर घेताना कुणी बोलत नाही, कारण ते अशुभ वाटतं. नवव्या वर्षी धाकटा पुण्याला बदलीवर गेला किंवा सरळ वेगळा झाला. कर्जाची बाकी तेव्हा ३३ लाख ४० हजारांच्या घरात. बँकेच्या दृष्टीनं दोघांची जबाबदारी अजून पूर्ण आहे: निम्मी-निम्मी नाही, प्रत्येकाची सगळ्या रकमेची. पुण्यात स्वतःचं घर घ्यायला धाकटा गेला की त्याच्या कर्जइतिहासात नाशिकचा पूर्ण हप्ता दिसतो आणि त्याची पात्रता तेवढ्यानं घटते. त्याचं नाव कमी करायचं तर थोरल्याच्या एकट्या पगारावर कर्ज नव्यानं तपासलं जातं. ३९,०५२ चा हप्ता बसायला त्याच्या हातात महिना ७८ हजार यायला हवेत, आणि आता मुदत त्याच्याच वयावर मोजली जाणार. मालकीचा वाटा सोडायचा तर तिथेही खर्च. राहतं घर मुलाला, मुलीला, नवऱ्याला, बायकोला किंवा नातवंडांना बक्षीसपत्रानं द्यायला महाराष्ट्रात २०१५ पासून नाममात्र मुद्रांक लागतो. भाऊ त्या यादीत नाही. वडिलोपार्जित मिळकतीवरच्या हक्कसोडपत्राची सवलत कर्ज काढून विकत घेतलेल्या फ्लॅटला मिळेल असं धरून चालू नये. म्हणून साठेखत करतानाच साध्या कागदावर का होईना, चार गोष्टी लिहिलेल्या बऱ्या: कुणी किती पदरचे घातले, हप्त्यातला कुणाचा वाटा किती, जादा भरणा कुणाच्या नावावर मोजायचा, आणि एकजण बाहेर पडला तर त्याच्या भरलेल्या मुद्दलाचा हिशेब कोणत्या तारखेच्या तक्त्यावरून करायचा. त्यातली चौथी गोष्ट सगळ्यात तिखट. नवव्या वर्षी धाकटा म्हणतो मी एकवीस लाख भरले, आणि ते खरं असतं. तक्ता सांगतो की त्यातलं मुद्दलात गेलं पावणेसहा लाखांच्या आसपास.